वर्गचर्चा आणि चिकित्सक विचार : एकोणिसाव्या शतकातील काही प्रयोग व सामाजिक शास्त्रांचे अध्यापन

सारांश : सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात चर्चापद्धतीचा पुरस्कार आज सर्वत्र केला जातो. तथापि ही पद्धती म्हणजे अलीकडच्या शिक्षणशास्त्राने दिलेली नवी देणगी होय, असा समज रूढ आहे. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकातील कलकत्ता, मुंबई व पुणे येथील विद्यार्थिसभा, निबंधवाचने आणि वादविवाद यांचा ऐतिहासिक परामर्श घेतला आहे. चर्चेतून चिकित्सक विचार केव्हा निर्माण झाला, तो कोठे अडला आणि त्यापासून आजच्या महाविद्यालयीन अध्यापकाने काय घ्यावे, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

बीजशब्द : वर्गचर्चा, चिकित्सक विचार, विद्यार्थिसभा, पूर्वपक्ष, इतिहासाची साधने, परीक्षापद्धती.

प्रस्तावना :

इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांसारख्या विषयांचे अध्यापन आपल्या महाविद्यालयांत मुख्यतः व्याख्यानपद्धतीने होते. अध्यापक बोलतो, विद्यार्थी टिपणे घेतो आणि परीक्षेत ती टिपणे उतरवून देतो. या पद्धतीवर टीका करताना बहुधा चर्चापद्धतीचा पर्याय सुचविला जातो. मात्र चर्चा या शब्दाखाली अनेक भिन्न गोष्टी येतात. वर्गात चार विद्यार्थ्यांनी आपापले मत सांगितले आणि तास संपला, तर त्यालाही चर्चा म्हणतात. वादविवाद स्पर्धेत नाणेफेकीने वाट्यास आलेली बाजू आवेशाने मांडणे, हीदेखील चर्चाच समजली जाते. या दोहोंमधून विद्यार्थ्याला बोलण्याचा सराव होतो, हे खरे. परंतु स्वतःचे मत तपासून पाहण्याची सवय त्याला लागतेच असे नाही.

या संदर्भात न्यायशास्त्राने केलेला भेद उपयुक्त ठरतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण व तर्क यांच्या आधारे दोन्ही पक्षांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी छलाचाही आश्रय घेणारी चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे म्हणजे वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द आजही निंदेच्या अर्थाने वापरला जातो, तो याच परंपरेतून आलेला आहे. शास्त्रीय वादात आधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून प्रामाणिकपणे मांडावे लागते आणि मगच उत्तरपक्षाकडे वळता येते. चिकित्सक विचाराचा हा पाया आपल्या परंपरेस अपरिचित नव्हता. मात्र या परंपरेची एक मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. वादसभेत कोणी बसावे, हे जन्माने ठरत असे. स्त्रिया व शूद्रातिशूद्र यांना तिचे दार सामान्यतः बंद होते. एकोणिसाव्या शतकात नव्या शिक्षणसंस्था स्थापन झाल्यावर चर्चेची रीत आणि चर्चेतील सहभाग हे दोन्ही प्रश्न नव्याने उपस्थित झाले, म्हणून त्या काळाचा विचार येथे करावयाचा आहे.

कलकत्ता : दोन्ही बाजू शिकविणारा शिक्षक

कलकत्त्याचे हिंदू कॉलेज १८१७ मध्ये स्थापन झाले. तेथे हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ (१८०९-१८३१) हा तरुण वयाची विशी गाठण्यापूर्वीच शिक्षक म्हणून रुजू झाला. इंग्रजी साहित्य व इतिहास हे त्याचे विषय होते. वर्गातील वेळ अपुरा पडू लागल्याने तो विद्यार्थ्यांना वर्गाबाहेरही भेटत असे. त्यातूनच १८२८ च्या सुमारास ‘अकॅडेमिक असोसिएशन’ ही चर्चासभा उभी राहिली. मूर्तिपूजा, जातिभेद, स्त्रियांची स्थिती, दैव आणि प्रयत्न अशा विषयांवर तेथे वाद होत. कृष्णमोहन बॅनर्जी, रामगोपाल घोष, रसिककृष्ण मल्लिक, दक्षिणारंजन मुखर्जी, रामतनु लाहिरी ही पुढे प्रसिद्धीस आलेली मंडळी या परिवारातील होत.

या चर्चांनी कलकत्त्यातील सनातनी समाज अस्वस्थ झाला. एप्रिल १८३१ मध्ये कॉलेजच्या व्यवस्थापकांनी डिरोझिओला दूर करण्याचा निर्णय घेतला आणि त्याने राजीनामा दिला. होरेस हेमन विल्सन यांनी त्याच्याकडे तीन आरोपांविषयी विचारणा केली होती : तो ईश्वराचे अस्तित्व नाकारतो काय, आईवडिलांची अवज्ञा करावी असे शिकवितो काय, आणि बहीणभावांच्या विवाहास संमत मानतो काय. नंतरचे दोन आरोप त्याने साफ नाकारले. पहिल्या आरोपास त्याने दिलेले उत्तर अध्यापनाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. ईश्वरवादावर आक्षेप घेणारा ह्यूमचा संवाद आपण विद्यार्थ्यांना समजावून दिला, हे त्याने मान्य केले. मात्र त्याच वेळी ह्यूमला रीड व ड्यूगल्ड स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरेही आपण त्यांच्यापुढे ठेवली, असे त्याने नमूद केले. एकच बाजू शिकविणे म्हणजे तरुणांना अज्ञानात ठेवणे होय, असा त्याच्या निवेदनाचा आशय होता.

डिरोझिओ त्याच वर्षी डिसेंबरात पटकीने मरण पावला. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे वर्तन उच्छृंखल झाले, अशी टीका तेव्हाही झाली व नंतरच्या इतिहासकारांनीही केली. ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. रूढी मोडण्याच्या भरात काहींनी वाद सोडून वितंडेचा मार्ग धरला. परंतु त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे शासनव्यवस्थेचा अभ्यास गांभीर्याने केला, हेही विसरता कामा नये. १८३८ मध्ये त्यांनी ज्ञानार्जनासाठी नवी सभा स्थापन केली. ८ फेब्रुवारी १८४३ रोजी हिंदू कॉलेजच्या सभागृहात दक्षिणारंजन मुखर्जी यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजदारी न्यायव्यवस्थेवर व पोलीसखात्यावर टीकात्मक निबंध वाचावयास घेतला. तेव्हा प्राचार्य कॅप्टन रिचर्डसन यांनी मध्येच उठून, कॉलेजचे सभागृह राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही, अशा आशयाची हरकत घेतली. अध्यक्षस्थानी असलेले ताराचंद चक्रवर्ती यांनी हा सभेचा अपमान असल्याचे त्यांना ठणकावून सांगितले.

या दोन प्रसंगांतील साम्य लक्षणीय आहे. १८३१ मध्ये धर्मचर्चा समाजधुरीणांना सहन झाली नाही आणि १८४३ मध्ये राज्यकारभाराची चर्चा परकीय प्राचार्यास सहन झाली नाही. पाश्चात्त्य शिक्षण देणारी संस्था टीकेचे साधन विद्यार्थ्याच्या हाती देते. परंतु ते साधन त्या संस्थेकडेच वळले की तिचा धीर सुटतो. चर्चापद्धतीचा इतिहास लिहिताना हा अंतर्विरोध सतत समोर येतो.

मुंबई : निबंधातून कृतीकडे

मुंबईतील घडण काहीशी निराळी होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याच्या स्मरणार्थ निधी जमविण्यात आला. त्यातून पुढे एल्फिन्स्टन संस्थेचे महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर येथे अध्यापन करीत होते. याच संस्थेत शिकलेल्या भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ या पत्रात ‘अ हिंदू’ या टोपणनावाने आठ पत्रे लिहिली. इंग्रजी राज्यामुळे हिंदुस्थानची संपत्ती बाहेर जात आहे आणि न्यायाची व उदारतेची भाषा करणाऱ्या राज्यकर्त्यांचे आचरण त्या भाषेशी विसंगत आहे, हे त्यांनी परखडपणे मांडले. दादाभाई नौरोजी यांच्या प्रसिद्ध सिद्धान्ताच्या कितीतरी आधी हा विचार एका मराठी तरुणाने मांडला होता, याकडे प्रा. ज. वि. नाईक यांच्या संशोधनाने लक्ष वेधले आहे. राज्यकर्त्यांच्याच ग्रंथांतील तत्त्वे घेऊन त्यांच्या कारभाराची तपासणी करणे, ही चिकित्सक विचाराची उत्तम कसोटी होय.

जून १८४८ मध्ये प्रा. पॅटन यांच्या प्रेरणेने एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या मराठी व गुजराती भाषांतील शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांनी भूषविले. सभेची रीत ठरलेली होती. एका सभासदाने लिखित निबंध वाचावा, इतरांनी त्यावर प्रश्न विचारावेत व मते मांडावीत. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. निबंध लिखित असल्याने बोलणाऱ्यास आपले म्हणणे आधी जुळवावे लागे. शिवाय मराठी व गुजराती शाखांमुळे इंग्रजीत शिकलेला विचार स्वभाषेत मांडण्याची सक्ती झाली. परभाषेतील वाक्य पाठ करून उतरविता येते. स्वभाषेत ते मांडताना त्याचा अर्थ आधी उमगावा लागतो. मराठी शाखेच्या कार्यातून १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले.

या सभेच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण घटना १८४९ मधील आहे. बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. त्यावरील चर्चेनंतर सभासदांनी केवळ ठराव करून थांबण्याचे नाकारले. स्वतःच विनावेतन शिकविण्याची तयारी दाखवून त्यांनी त्याच वर्षी मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी हे या कार्यातील अग्रणी होते. हिंदू मुलींच्या शाळांस जगन्नाथ शंकरशेट यांचे साहाय्य लाभले. मुली शाळेत आणण्यासाठी या तरुणांना घरोघरी जाऊन पालकांची मनधरणी करावी लागली. वर्गात मांडलेल्या मताची खरी परीक्षा दारादारांत झाली, असे म्हणता येईल. आपला युक्तिवाद ज्यांना पटत नाही, त्यांच्यासमोर तो मांडावा लागल्यावर त्यातील बळ व दौर्बल्य दोन्ही उघड होतात.

याच काळात मुंबईत परमहंस मंडळी (१८४९) ही जातिभेद अमान्य करणारी संस्थाही कार्य करीत होती. तिचे कामकाज गुप्तपणे चाले आणि सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर, १८६० च्या सुमारास ती विस्कळीत झाली. उघड चर्चा करणारी विद्यार्थिसभा टिकली आणि बंद दाराआड अधिक जहाल विचार करणारी मंडळी विरून गेली, हा भेद बोलका आहे. सार्वजनिक रीतीने मांडलेले मत बदलावे किंवा टिकवावे लागते. गुप्त मताला तशी शिस्त लागत नाही. अर्थात मंडळींना गुप्तता का पत्करावी लागली, हेही समजून घ्यावयास हवे. बहिष्काराचे भय खरे होते. विद्यार्थ्याला निर्भयपणे बोलता यावे अशी परिस्थिती नसेल, तर केवळ पद्धती बदलून चर्चा सफल होत नाही.

पुणे : चर्चेच्या वर्तुळाबाहेरचा आवाज

मुंबईतील सभेचे सभासद प्रामुख्याने पारशी व उच्चवर्णीय हिंदू होते. ज्यांच्याविषयी चर्चा होई, ते चर्चेत नसत. ही उणीव पुण्यातील जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांच्या शाळांनी उघड केली. १८४८ पासून त्यांनी मुलींसाठी व अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी शाळा चालविल्या. या शाळेतील मांग समाजातील विद्यार्थिनी मुक्ता हिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत प्रसिद्ध झाला. मांग व महार यांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज मराठी गद्याच्या इतिहासात मानाने उल्लेखिला जातो. येथे त्याच्या युक्तिवादाची रीत पाहणे अधिक उपयुक्त आहे. वेद आमचेच आहेत, इतरांनी ते पाहू नयेत, हे ब्राह्मणांचे म्हणणे ती पूर्वपक्ष म्हणून जसेच्या तसे स्वीकारते. मग त्यातून निष्कर्ष काढते की, ज्यांना धर्मपुस्तक पाहण्याचीही मुभा नाही, ते धर्मरहितच ठरतात. प्रतिपक्षाचे विधान त्याच्याच तार्किक टोकापर्यंत नेऊन त्यातील अन्याय दाखविण्याचे हे सामर्थ्य एका लहान वयाच्या मुलीने शाळेत मिळविले होते. अनुभव आणि तर्क यांची अशी सांगड मुंबईच्या कोणत्याही सभेतील निबंधाच्या तोडीची आहे.

फुले यांनी पुढे ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथासाठी जोतीराव व धोंडिबा यांच्या संवादाचे रूप निवडले. धोंडिबा हा केवळ मान डोलावणारा श्रोता नाही. तो शंका विचारतो, दिलेल्या उत्तरावर पुन्हा प्रश्न करतो आणि अवतारकथांतील विसंगती पुढे आणतो. फुले यांनी या कथांमधून काढलेले सर्वच ऐतिहासिक निष्कर्ष आजच्या संशोधनास मान्य होतील असे नाही. परंतु एखादी कथा कोणी रचली, कोणाच्या हितासाठी रचली आणि ती ऐकणाऱ्यावर तिचा काय परिणाम होतो, हे त्यांनी शिकविलेले प्रश्न इतिहासाच्या कोणत्याही साधनाला विचारावे लागतात. मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथातही प्रश्नोत्तरांची हीच पद्धती आढळते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुले यांनी सरकारच्या शैक्षणिक धोरणावर मूलभूत आक्षेप घेतला. वरच्या वर्गांना शिक्षण दिले की ते आपोआप खाली झिरपेल, ही कल्पना अनुभवास उतरलेली नाही, असे त्यांनी दाखविले. शेतकऱ्यांच्या करातून उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षणही मिळत नाही, ही विसंगती त्यांनी आकडेमोडीच्या नव्हे, तर न्यायाच्या भाषेत मांडली. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, अशी त्यांची मागणी होती. वर्गचर्चेच्या संदर्भात या निवेदनाचा अर्थ असा की, वर्गात कोण येऊ शकतो, हा प्रश्न वर्गात काय बोलले जाते याच्या आधी येतो.

इतिहासलेखन : विद्यार्थ्याच्या निबंधापासून साधनसंग्रहापर्यंत

चर्चेतून चिकित्सा आणि चिकित्सेतून संशोधन, हा क्रम मराठी इतिहासलेखनात विशेष स्पष्टपणे दिसतो. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅपन यांनी केलेल्या मराठी भाषांतरामुळे तो ‘मराठ्यांची बखर’ या नावाने शाळांतूनही वाचला जाऊ लागला. दीर्घकाळ तो प्रमाण मानला गेला. १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतील तरुणाने पुण्यात तरुणांच्या सभेपुढे या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. तो लगेच छापलाही गेला. सर्वमान्य पाठ्यग्रंथ हाती घेऊन त्याचे आधार काय आहेत, त्यात काय सुटले आहे आणि मूळ कागदपत्रे काय सांगतात, असे प्रश्न त्याने विचारले. कीर्तने यांनी केवळ खंडन केले असते, तर तो निबंध विस्मरणात गेला असता. परंतु त्यांनी मूळ साधने प्रकाशात आणण्याची निकड दाखविली आणि पुढे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर स्वतः संपादित केली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू झाले. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या साऱ्या घडामोडींचे श्रेय एका निबंधास देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि त्यांची दिशा त्या निबंधात दिसते, हे निश्चित.

न्या. महादेव गोविंद रानडे यांचे उदाहरण याच मालिकेतील होय. एल्फिन्स्टन कॉलेजात विद्यार्थी असताना त्यांनी मराठेशाहीची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिला. त्यातील मत प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना रुचले नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती काही काळ रोखण्यात आली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. रानडे यांनी या प्रसंगाचा सूड विद्वेषाने घेतला नाही; गुरूंविषयीचा त्यांचा आदर कायम राहिला. परंतु तो प्रश्नही त्यांनी सोडला नाही. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात त्यांनी ग्रँट डफचा दृष्टिकोन तपासला. मराठ्यांचा उदय हा सह्याद्रीतील वणव्यासारखा आकस्मिक होता, या कल्पनेस उत्तर देताना त्यांनी संतांची चळवळ, भाषा, ग्रामव्यवस्था अशा दीर्घकालीन कारणांची मांडणी केली. त्यांच्या मांडणीवरही पुढे राजवाडे प्रभृतींनी आक्षेप घेतले. प्रत्येक पिढीने मागील पिढीचे म्हणणे समजून घेऊन तपासावे, हाच या परंपरेचा कणा आहे.

परीक्षापद्धती आणि चर्चेचा संकोच

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. ती प्रथमतः परीक्षा घेणारी व पदव्या देणारी विद्यापीठे होती. पदवी हे सरकारी नोकरीचे प्रवेशपत्र ठरल्यावर अध्यापनाचे सारे लक्ष परीक्षेकडे वळले. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने तर, अध्यापन परीक्षेच्या अधीन झाले आहे, परीक्षा अध्यापनाच्या अधीन नाही, हाच या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष असल्याचे स्पष्ट म्हटले. विद्यार्थिसभा बंद पडल्या नाहीत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये रानडे यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. परंतु चर्चा व्याख्यानमालेत आणि अध्यापन वर्गात, अशी विभागणी होत गेली. चर्चा हा अभ्यासाचा भाग न राहता अभ्यासाव्यतिरिक्त उपक्रम ठरला. आजच्या महाविद्यालयांतील वादविवाद मंडळांचे स्थान हे या विभागणीचेच फलित आहे.

ही विभागणी मोडण्याचे काही प्रयत्न अलीकडच्या काळात झाले. मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ संस्थेने १९८० च्या दशकात माध्यमिक शाळांसाठी सामाजिक शास्त्रांची नवी पुस्तके तयार केली आणि पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देण्याची पद्धती अंगीकारली. पाठ्यपुस्तक समोर असताना स्मरणाची परीक्षा घेता येत नाही. तेथे समजाचीच परीक्षा घ्यावी लागते. १९९३ च्या यशपाल समितीने पाठांतराच्या ओझ्यावर टीका केली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने सामाजिक शास्त्रांत प्रश्न विचारण्यास व भिन्न दृष्टिकोनांस स्थान दिले. त्यानुसार तयार झालेल्या पाठ्यपुस्तकांत मूळ साधनांतील उतारे, व्यंगचित्रे व खुले प्रश्न समाविष्ट झाले.

यातील धोकेही लवकरच दिसून आले. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात संविधाननिर्मितीच्या गतीवरील शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जे चित्रण होते, त्यावरून मे २०१२ मध्ये संसदेत व बाहेर तीव्र वाद झाला. मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोडही झाली. व्यंगचित्र पुस्तकातून वगळण्यात आले. मोडतोडीचे समर्थन कोणत्याही अध्यापकास करता येणार नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या घरात बाबासाहेबांची प्रतिमा हा स्वाभिमानाचा आधार आहे, त्याने ते चित्र वर्गात कसे पाहावे, हा प्रश्नही हेटाळणीने झटकता येत नाही. वर्गातील सारे विद्यार्थी एकाच अंतरावरून साधनाकडे पाहत नाहीत. १८५५ मध्ये मुक्ताने हेच दाखविले होते. चर्चेचा विषय एखाद्यासाठी केवळ अभ्यासाचा असतो, तर शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्यासाठी तो जगण्याचा असतो.

अध्यापनासाठी काही निष्कर्ष

वरील विवेचनातून महाविद्यालयीन अध्यापकास उपयुक्त ठरतील असे काही मुद्दे निघतात.

पहिला मुद्दा साधनाचा. चर्चा मतापासून सुरू न करता साधनापासून सुरू करावी. भास्कर पांडुरंगांच्या पत्राचा भाग व त्याच काळातील एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल, किंवा फुले यांचे १८८२ चे निवेदन व हंटर आयोगाच्या शिफारशी, अशा जोड्या विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतात. घटना परिषदेतील १९४६ ते १९४९ मधील वादविवाद हे तर अशा अभ्यासाचे समृद्ध भांडार आहे.

दुसरा मुद्दा पूर्वपक्षाचा. विद्यार्थ्याने आपले मत मांडण्यापूर्वी विरुद्ध मत अशा रीतीने मांडावे की, ते मत असणाऱ्यास ‘माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणता यावे. ही एक अट पाळली, तरी वर्गातील जल्प पुष्कळ कमी होतो. डिरोझिओने ह्यूमसोबत रीड शिकविला, त्याचे मर्म हेच होते.

तिसरा मुद्दा लेखनाचा. चर्चेपूर्वी एक परिच्छेद आणि चर्चेनंतर एक परिच्छेद लिहून घ्यावा. दोहोंमधील बदल, किंवा न बदलण्याची कारणे, हाच मूल्यमापनाचा विषय करावा. अंतर्गत मूल्यमापनासाठी उपलब्ध असलेल्या गुणांचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच होऊ शकेल. एकदा गुण मिळू लागले की चर्चा ही ‘अभ्यासाव्यतिरिक्त’ राहत नाही.

चौथा मुद्दा भाषेचा. ज्ञानप्रसारक सभेच्या अनुभवाप्रमाणे स्वभाषेतील चर्चा विचारास खोली देते. प्रमाण मराठीचाही आग्रह बोलताना धरू नये. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारा विद्यार्थी भाषेच्या संकोचाने गप्प बसला, तर वर्ग त्याच्या अनुभवास मुकतो.

पाचवा मुद्दा मौनाचा. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच-सहा जणच बोलतात आणि ते कोण असतात, हे प्रत्येक अध्यापकास ठाऊक असते. चार-पाच जणांच्या गटांत आधी चर्चा घडवून प्रत्येक गटाच्या प्रवक्त्याचे काम आळीपाळीने दिल्यास ही विषमता काही अंशी कमी होते. संवेदनशील विषयात एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या जातीचा वा धर्माचा प्रतिनिधी म्हणून बोलावयास लावणे मात्र कटाक्षाने टाळावे.

समारोप :

एकोणिसाव्या शतकातील अनुभव चर्चेच्या यशाची केवळ गौरवगाथा सांगत नाही. डिरोझिओला नोकरी गमवावी लागली, दक्षिणारंजन यांचे वाचन मध्येच अडविले गेले, रानड्यांची शिष्यवृत्ती रोखली गेली, परमहंस मंडळी भयाने विखुरली. तरीही मुंबईतील मुलींच्या शाळा, मुक्ताचा निबंध व मराठी इतिहाससाधनांचा संग्रह यांचा उगम अशाच चर्चांशी निगडित आहे. या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. ज्या ठिकाणी शिक्षकाने दोन्ही बाजू मांडल्या, विद्यार्थ्याने आपले म्हणणे लिहून तपासास ठेवले आणि आजवर वगळलेल्यांना बोलण्यास जागा मिळाली, तेथे चर्चेतून चिकित्सक विचार निर्माण झाला. यांपैकी कोणतीही गोष्ट महागड्या साधनसामग्रीवर अवलंबून नाही. तिला अध्यापकाची पूर्वतयारी लागते आणि आपल्याशी असहमत होणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण देण्याची तयारी लागते. अलेक्झांडर ग्रँट विद्वान होते, परंतु ही दुसरी तयारी त्या प्रसंगी त्यांच्यापाशी नव्हती. आजच्या अध्यापकासमोर तो निबंध आला, तर तो त्यावर काय शेरा लिहील, यावरच वर्गचर्चेचे भवितव्य अवलंबून राहील.